परग्रहवासी आपलं पाणी न्यायला येणार नाहीत

सध्या एक संदेश फार फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आपले टीव्ही-रेडिओचे कार्यक्रम कित्येक दशकं अवकाशात पोचतायत, 1974 मध्ये शास्त्रज्ञांनी पृथ्वीचा पत्ताही पाठवून दिला, 1977 मध्ये त्याचं उत्तर आलं आणि ते दाबून टाकलं गेलं. आता ते प्रगत जीव पाण्यासाठी आणि खनिजांसाठी येतील आणि कोलंबसानंतर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं जे झालं तेच आपलं होईल. विश्वातले बाकीचे शहाणे जीव हे ओळखून आहेत, म्हणून ते गप्प लपून बसलेत.

पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव आहेत का, हा प्रश्न खुला आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण या संदेशातली बहुतेक विधानं मोजून पाहता येतात, आणि मोजली की टिकत नाहीत.

‘ते आपला टीव्ही पाहतायत’

लहरी बाहेर जातात हे खरं. पण लहर पोचणं वेगळं आणि ती ऐकू येणं वेगळं. सूर्याला सर्वांत जवळचा तारा घेऊ: प्रॉक्सिमा सेंटॉरी, 4.2 प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे 40 लाख कोटी किलोमीटर. 10 लाख वॉटचं दणकट टीव्ही प्रक्षेपण धरलं, तरी तिथे एका चौरस मीटरवर पडणारी शक्ती किती? दशांशचिन्हापुढे 28 शून्यं आणि मग 5, इतके वॉट. तिथे कोणी 300 मीटर व्यासाची थाळी उभारली आणि आकाश व रिसीव्हर मिळून होणारी खरखर (ती तापमानाच्या एककात मोजतात) अवघी 20 केल्विनची धरली, तरी 1 हर्ट्झ इतक्या अरुंद वारंवारता-पट्ट्यातसुद्धा आपला सिग्नल त्या खरखरीच्या साधारण ऐंशीवा भाग भरतो.

हेही फक्त कॅरियरबद्दल झालं. जुन्या टीव्ही प्रक्षेपणात शक्तीचा मोठा वाटा ज्या एका बारीक वारंवारतेवर एकवटलेला असायचा, ती कॅरियर. पृथ्वी फिरते म्हणून ही वारंवारता सतत सरकत राहते आणि प्रक्षेपण केंद्र दर काही तासांनी आडही जातं. हे सगळं दुरुस्त करत दोन-तीन दिवसांचा सिग्नल साठवला, तर ‘इथे काहीतरी कृत्रिम आहे’ एवढं कळू शकेल. चित्र दिसणार नाही. चित्राची माहिती सुमारे 50 लाख हर्ट्झमध्ये पसरलेली असते आणि तेवढ्या रुंदीत खरखरही 50 लाख पट भरते. हे झालं सर्वांत जवळच्या ताऱ्याचं. 100 प्रकाशवर्षांवर तोच सिग्नल आणखी 570 पट क्षीण असतो. शिवाय डिजिटल प्रक्षेपणात असा ठळक कॅरियर फारसा उरलेला नाही, आणि बराचसा मजकूर आता तारेतून आणि फायबरमधून जातो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. लघुग्रहांची अंतरं मोजण्यासाठी वापरला जाणारा शक्तिशाली रडार टीव्हीच्या मानाने फारच लांबून ऐकू येऊ शकतो. पण त्याचा झोत सुईसारखा बारीक असतो आणि लघुग्रहाच्या मागे सरकत राहतो. योगायोगाने त्या रेषेत असलेल्याला एकदाच ठिणगी दिसेल. तो पुन्हा तिकडे कान लावील तेव्हा तिथे काहीच नसेल.

‘1974 मध्ये पत्ता पाठवला’

16 नोव्हेंबर 1974 रोजी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या 305 मीटरच्या रेडिओ दुर्बिणीतून 1679 बिटांचा संदेश गेला. पाठवायला तीन मिनिटंही लागली नाहीत. 1679 ही संख्या मुद्दाम निवडलेली: ती 23 आणि 73 या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, त्यामुळे बिटं आयतात मांडली की चित्र उमटतं. चित्रात सूर्यमाला आहे आणि तिसरा ग्रह जरा वर उचलून दाखवलाय. पत्ता म्हणावा असं त्यात एवढंच. रोख होता एम 13 या तारकागुच्छाकडे, सुमारे 25,000 प्रकाशवर्षांवर. आजवर त्या संदेशाने त्यातला पाचशेवा भाग कापलाय. उरलेली वाट संपेपर्यंत आणि उत्तर परत येईपर्यंतचा हिशोब वाचकाने स्वतःच करावा.

‘1977 चं उत्तर दाबलं’

15 ऑगस्ट 1977 ला अमेरिकेतल्या ओहायोच्या ‘बिग इअर’ रेडिओ दुर्बिणीने टिपलेला सिग्नल खरा आहे; छापील नोंदीवर कोणीतरी ‘वॉव’ लिहिलं, म्हणून तो ‘वॉव’ सिग्नल. 1977 मध्ये आलेला सिग्नल हा 1974 च्या संदेशाचं उत्तर असेल, तर उत्तर देणारा दीड प्रकाशवर्षाच्या आत राहायला हवा. तेवढ्या अंतरात सूर्याशिवाय एकही तारा नाही. वादाचा हा भाग इथेच मिटतो.

राहिली ती त्या नोंदीवर छापलेली सहा अक्षरं, 6EQUJ5. हा सांकेतिक मजकूर आहे असं समजून लोक त्याचे अर्थ लावतात. तो मजकूर नाहीच. संगणक दर 12 सेकंदांनी सिग्नलची तीव्रता एका अक्षरात छापत होता: 1 ते 9 आकडे, त्यापुढे 10 साठी A, 11 साठी B, असं करत 30 साठी U. म्हणजे सिग्नल खरखरीच्या सहापट होता, मग चौदापट, सव्वीसपट, तीसपट, एकोणीसपट, आणि शेवटी पाचपट. हा चढउतार दुर्बिणीच्या झोताचा आकार आहे. ही दुर्बीण स्थिर होती, पृथ्वीच्या फिरण्याने आकाश तिच्यासमोरून सरकायचं, आणि एक जागा पार व्हायला 72 सेकंदच लागायचे. ‘72 सेकंद चाललेला संदेश’ म्हणतात तो कालावधीही दुर्बिणीचाच.

गडबड पुढे आहे. बिग इअरला सिग्नल पकडणारी दोन शिंगं होती, आकाशाच्या शेजारशेजारच्या जागांकडे रोखलेली, म्हणून आकाशातला टिकून राहणारा स्रोत सुमारे तीन मिनिटांच्या अंतराने दोनदा दिसायला हवा होता. तो एकदाच दिसला. नंतर अनेकदा त्या जागेकडे दुर्बिणी वळवल्या, काही सापडलं नाही. एकदाच मिळालेल्या नोंदीवरून कुठलाच दावा सिद्ध होत नाही, परग्रहवासीयांचा नाही आणि दुसराही नाही. पण दाबलं काय? लाल पेनाने ‘वॉव’ लिहिलेला तो कागद कोणालाही पाहता येतो.

आजची पद्धत तर आणखी काटेकोर आहे. दुर्बीण पाच मिनिटं ताऱ्याकडे, पाच मिनिटं बाजूला, असं तीनदा. सिग्नल फक्त ताऱ्याकडे पाहताना दिसला आणि बाजूला वळल्यावर गेला, तरच पुढे विचार. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला प्रॉक्सिमाच्या दिशेने 982 मेगाहर्ट्झवर असा एक सिग्नल मिळाला, आणि तो या चाळणीतून पारही झाला. मग तशाच धाटणीचे सिग्नल इतर वारंवारतांवर सापडले, तेही दुर्बीण दुसरीकडे वळलेली असताना. तो पृथ्वीवरच्याच उपकरणांचा गोंधळ निघाला. विश्लेषण पुरं होण्याआधीच ही बातमी वर्तमानपत्रात फुटली होती, यावरून अशी गोष्ट किती दिवस लपते ते समजावं.

‘पाण्यासाठी येतील’

हा मुद्दा सर्वांत जास्त लोकांना पटतो आणि सर्वांत कच्चा आहे. 1 किलो वस्तूला प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याइतका वेग द्यायला 12.5 कोटी युनिट वीज लागते. थांबायला पुन्हा तेवढीच ऊर्जा. परत जायचं तर हेच पुन्हा दोनदा, आणि तेही पाणी लादून. इतकं करूनही प्रॉक्सिमापासून एकेरी प्रवासाला 42 वर्षं.

आणि हे कशासाठी? हायड्रोजन विश्वात सर्वाधिक आढळणारं मूलद्रव्य, ऑक्सिजन तिसऱ्या क्रमांकावर. त्यांचं बर्फ धूमकेतूंमध्ये आणि सूर्यापासून लांबच्या ग्रहांच्या उपग्रहांवर पडून असतं. गुरूच्या युरोपा या एकाच उपग्रहात पृथ्वीच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावं, असा अंदाज आहे. पृथ्वीवरून पाणी उचलायचं तर सेकंदाला 11.2 किलोमीटर वेगाने गुरुत्वाकर्षणाच्या विहिरीतून वर काढावं लागतं. धूमकेतूवर हा खर्च जवळजवळ नाहीच. लोखंड-निकेलचंही तेच: पृथ्वीचं बहुतेक लोखंड गाभ्यात बुडालंय, तर काही लघुग्रहांवर धातू उघड्यावर आहे. ज्यांना ताऱ्यांमधलं अंतर कापता येतं, त्यांना हे सगळं घराजवळच मिळतं. गुलाम करण्याचा मुद्दाही इथेच संपतो. असं यान बांधणाऱ्यांकडे माणसापेक्षा बरी यंत्रं असतील.

‘कोलंबसासारखं होईल’

बलवान आणि दुर्बळ समोरासमोर आले की दुर्बळाचं नुकसान होतं, ही भीती खोटी नाही. इतिहासाने ती हजारदा खरी ठरवली आहे. पण 1492 मध्ये कॅनरी बेटांपासून पलीकडे पोचायला 36 दिवस लागले होते. सोनं, जमीन, मजूर यांचा हिशोब फायद्याचा ठरला तो फेरी स्वस्त होती म्हणून. सर्वाधिक माणसं मारली ती देवीसारख्या रोगांनी, आणि ते रोग लागले कारण दोन्हीकडे माणसंच होती. विषाणूला पेशीवरची नेमकी जागा पकडावी लागते. ज्याची जैवरसायनंच वेगळी, त्याचा रोग आपल्याला लागणं फार कठीण. संपर्क झालाच तर तो बहुधा सिग्नलने होईल, प्रश्न आणि उत्तर यांत दशकं किंवा शतकं सोडून.

‘सगळे लपून बसलेत’

लपणं शक्य असेल, तरच या तर्काला अर्थ. पृथ्वीच्या वातावरणात सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी जीवसृष्टीमुळे ऑक्सिजन साठू लागला. सूर्यासमोरून पृथ्वी जाताना दिसेल अशा जागी असलेल्याला वर्षातून एकदा, जास्तीत जास्त 13 तास, सूर्याचा प्रकाश 0.0084 टक्क्यांनी घटलेला दिसतो, आणि त्या प्रकाशात आपल्या हवेचा ठसा असतो. गेल्या 5,000 वर्षांत अशी जागा लाभलेले 1,715 तारे 326 प्रकाशवर्षांच्या आत मोजले गेलेत. आपण स्वतः 2022 मध्ये याच पद्धतीने डब्ल्यूएएसपी-39 बी या दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरचा कार्बन डायऑक्साइड ओळखला. म्हणजे जीवसृष्टी दिसली की नष्ट करायची, असा कोणाचा शिरस्ता असता, तर त्यासाठी रेडिओची वाट पाहायची गरज नव्हती.

नवे संदेश मुद्दाम पाठवावेत का, यावर शास्त्रज्ञांतही खरा मतभेद आहे, आणि सावध राहा म्हणणाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. 1989 मध्ये अंतराळविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मान्य केलेल्या तत्त्वांत म्हटलंय की सिग्नल मिळाला तर आधी पडताळणी, मग जाहीर घोषणा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर नाही. हे तत्त्व कायद्याने बांधणारं नाही. चिंता करायची तर ती याची करावी.