"एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं" म्हणे!

आमच्या कोथरूडच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत चार फायलींना मिळून सेटिंग्ज हव्यात तर सगळं एका कॉन्फिग फाइलीत टाका, प्रत्येक फाइलीत वर 'फ्रॉम कॉन्फिग इम्पोर्ट स्टार' लिहा (म्हणजे त्यातली नावं सरळ आपल्या फाइलीत उचला), एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, अडलंच तर ग्लोबल लावा, फाइल सेव्ह केली की चालू प्रोग्रॅमलाही नवीन व्हॅल्यू मिळते, पासवर्डही तिथेच ठेवा. एक कॉन्फिग फाइल ठेवा हे बरोबरच आहे, पायथॉनच्या अधिकृत एफएक्यूमध्येही हाच सल्ला दिलाय. पण तिथे नुसतं 'इम्पोर्ट कॉन्फिग' आहे, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

"एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं". नाही बदलत. स्टारवाला इम्पोर्ट त्या क्षणी जी व्हॅल्यू असेल तिला तुमच्या फाइलीत तेच नाव स्वतंत्रपणे लावतो आणि मोकळा होतो. नंतर कॉन्फिगमधलं नाव दुसऱ्या व्हॅल्यूला लावलं तरी तुमच्याकडे जुनीच राहते, म्हणजे मित्राने नंबर बदलला म्हणून तुमच्या डायरीतला आपोआप बदलत नाही ना, तसंच. मी हे स्वतः खाल्लंय. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांची स्क्रिप्ट लिहिली होती, मेन फाइल सुरू होताना कॉन्फिगमधलं 'टेस्ट' ट्रू करायची म्हणजे खरे मेल जाणार नाहीत, आणि मेल पाठवणाऱ्या फाइलीत मी ऐटीत स्टार लावलेला. तिथे टेस्ट फॉल्सच! रात्री साडेअकराला ८४ फ्लॅटना ट्रायलची बिलं गेली, तीन-तीनदा, कारण मेल का दिसत नाहीत म्हणून मीच परत परत रन करत होतो. सकाळी लिफ्टशेजारी कागद: "बिल एकदाच पाठवावे. आम्हाला वाचता येते."
'इम्पोर्ट कॉन्फिग' करून प्रत्येक वेळी 'कॉन्फिग डॉट टेस्ट' विचारलं असतं तर हे झालं नसतं, कारण मग दर वेळी मूळ मॉड्यूलमध्ये, म्हणजे कॉन्फिग फाइलीतच, बघितलं जातं.

आता कोणीतरी म्हणेल माझ्याकडे स्टारने चालतं की. चालत असेल, व्हॅल्यू लिस्ट किंवा डिक्शनरी असेल आणि तुम्ही तिच्यातच भर घालत असाल तर सगळ्यांना दिसतं, कारण वस्तू एकच आहे. तिच्या जागी नवीन लिस्ट ठेवून बघा, मग कळेल. लोक फसतात ते यामुळेच.

"अडलं तर ग्लोबल लावा". ग्लोबल म्हणजे त्या फाइलीपुरतं ग्लोबल, अख्ख्या प्रोग्रॅमचं नाही. संपला विषय.

"फाइल सेव्ह करा, चालू प्रोग्रॅमलाही नवीन व्हॅल्यू मिळते". हे बहुतेक फॉरवर्ड होता होता कोणीतरी चिकटवलंय. इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल एकदाच चालतं, मग 'सिस डॉट मॉड्यूल्स'मध्ये जपून ठेवलेलं तेच सगळ्यांना मिळतं. रीलोड करता येतं, पण ज्यांनी आधीच स्टार लावून नावं उचललीत ते जुनंच धरून बसतात. आणि मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोसेस, वापरत असाल तर प्रत्येक प्रोसेसची प्रत वेगळी, एकीने बदललेलं दुसरीला कळतच नाही.

"पासवर्डही तिथेच ठेवा". अहो, ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, जाते! नंतर ओळ पुसून नवीन कमिट केलं तरी जुन्या हिस्टरीत पासवर्ड जसाच्या तसा राहतो, त्यामुळे एकदा गेला की तो बदलायचाच. पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेरून प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंगमध्ये, ठेवा. फक्त तिथून जे येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं हं, तिथे 'फॉल्स' लिहिलं आणि कोडमध्ये ट्रू-फॉल्स करून घ्यायला सरळ बूल लावलं तर उत्तर ट्रू येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथॉनला ट्रूच वाटते. माझा टेस्टचा स्विच मी आता तिथूनच घेतो, आणि व्हॅल्यू बरोबर '१' आहे का एवढंच तपासतो.