दोन सामन्यांवरून भविष्य?
एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या समर लीगमध्ये, म्हणजे मुख्य मोसमाआधीच्या उन्हाळी स्पर्धेत, दोन सामन्यांत पंचवीसच्या वर गुण केले म्हणून नवा पोरगा 'पुढचा सुपरस्टार', हे लेखातलं विधान जरा घाईचं वाटलं. २०१२ साली लास व्हेगासच्या समर लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांत विभागून दिला होता: डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी. लिलार्ड त्याच मोसमात 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू झाला. सेल्बी वर्षभरात एनबीएतून बाहेर! उलट पुढे स्टार झालेला फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा २०२३ च्या समर लीगमध्ये पहिल्या सामन्यात १३ पैकी २च शॉट बास्केटमध्ये टाकू शकला, तर लोकांनी लगेच नाकं मुरडली. दुसऱ्या सामन्यात पठ्ठ्याने २७ गुण ठोकले. पण पहिल्या सामन्यातही त्याचे ५ ब्लॉक (अडवलेले शॉट) होते, ते कुणी बघितलेच नाहीत.

समर लीगमध्ये सामना ४० मिनिटांचाच, दहा फाउल होईपर्यंत बाहेर जावं लागत नाही, संघांचा सराव जेमतेम काही दिवसांचा. समोरचे निम्मे खेळाडू स्वतःच कराराच्या आशेवर, मग पास कोण देणार? त्यामुळे गुण बघून फारसं कळत नाही. मी तरी बचावात पाय कसे हलतात, दोघांनी घेरल्यावर चेंडू कुठे जातो आणि फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) हात कसा आहे, एवढंच बघतो. लेखात यातल्या एकाचाही उल्लेख नाही. आपला सतनामसिंग भामराही डॅलस संघाकडून समर लीग खेळला होता, तेव्हा इथल्या बातम्या आठवा. एनबीएचा मुख्य सामना काही त्याच्या वाट्याला आला नाही. मुख्य मोसम रंगात येईपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत थांबा की राव!