कृतीची पानं गाळून काय वाचलंत?

पेशवाईतल्या नाशकातल्या वैद्यबाईवरची कादंबरी हातात घ्यायची, तिच्या बागेची आणि औषधांची पानं भराभर उलटायची, आणि वर म्हणायचं, "गोष्ट चांगली आहे, पण संथ आहे." मग वाचलं काय? आज कॉलेज रोडला वाचकांच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "ती कृतीची पानं गाळली तरी काही बिघडत नाही," आणि निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. कादंबरीचं नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेलच.

बिघडत कसं नाही? गुळवेलीच्या सत्त्वाचंच प्रकरण घ्या. अंगठ्याएवढी जाड वेल घ्यायची, वरचा पापुद्रा खरवडायचा, धुऊन बोटभर तुकडे करायचे आणि ठेचायचे. चौपट पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं. सकाळी हाताने चांगलं कुस्करून चोथा काढायचा, पाणी फडक्यातून गाळायचं आणि मग भांडं अजिबात हलवायचं नाही. तळाशी पांढरा साका बसतो, तेच सत्त्व. किलोभर ओल्या वेलीतून जेमतेम दोन-चार चमचे हाती लागतात. वरचं पाणी घाईने ओतलं की साकाही त्याच्याबरोबर जातो. उन्हाळ्यात फार वेळ राहिलं की आंबूस वास सुटतो. पापुद्रा नीट काढला नाही तर रंग मळकट येतो. आता प्रसंग आठवा. वाड्यावरचा माणूस दारात ताटकळतोय, तिकडे पोर तापाने फणफणलंय, आणि बाई कुणाला भांड्याला हात लावू देत नाही. साका बसायला वेळ लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याचाच जीव तिथे टांगणीला लागतो. बाकीच्यांना बाई नुसती हट्टी वाटते. ताईंना वाटलीच!

एकाने तर तिला निर्दयी ठरवलं, का, तर श्रावणात खणून आणलेली मुळं तिने परत पाठवली. अहो, चरकसंहितेच्या कल्पस्थानात हे स्पष्ट सांगितलंय. मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, पानं झडल्यावर काढायची. साल, कंद आणि चीक शरदात, गाभ्याचं लाकूड हेमंतात. ऐन पावसात काढलेलं मूळ पाणचट असतं, वाळवायला ऊन नसतं आणि चार दिवसांत बुरशी धरते. त्र्यंबक-पेठचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला लागू नये. त्या बाईने ती मुळं घेतली असती तर मी पुस्तक तिथेच मिटलं असतं.

बिब्ब्याचा प्रसंगही "अतिरंजित" म्हणे. बिब्बा उतलेला माणूस यांनी पाहिलेला दिसत नाही. त्याचं तेल कातडीला लागलं की लगेच काही दिसत नाही. दिवस-दोन दिवसांनी आग, सूज, पाण्याने भरलेले फोड. म्हणून तर शुद्ध करताना बिब्बे विटेच्या भुकटीत घोळून घासतात, भुकटी तेल शोषून घेते, मग गरम पाण्याने धुतात, आणि हाताला आधीच खोबरेल चोपडलेलं असतं. कादंबरीतला गडी खोबरेल न लावता बसतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचा हात सुजतो. अगदी बरोबर लिहिलंय.

मान्य, एका ठिकाणी दोन पानं नुसत्या वनस्पतींच्या नावांची यादी आहे आणि ती कुणालाही कंटाळा आणील.

"नाशकात एवढ्या बागा होत्या तरी का?" असंही कुणीतरी विचारलं. मोगलांच्या काळात या शहराचं नावच गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, होतं. आपण राहतो कुठे, एवढं तरी माहीत हवं.

लिहिता लिहिता ताईंवरचा राग जरा निवळला. गुळवेल आता बहुतेकांना गोळ्यांच्या डबीतच भेटते. कडुनिंबावर चढलेली वेल दाखवणारं घरात कुणी उरलेलं नाही, तर ती पानं रुक्ष वाटणारच. पण म्हणूनच ती सावकाश वाचायची ना! गाळल्याचा खरा तोटा पुढेच आहे, लेखक जिथे चुकला तिथे त्याला कुणी पकडलंच नाही.

अडुळशाची पानं खलात ठेचून वाटीभर रस? निघत नाही. नुसती ठेचली तर हिरवा चिकट लगदा होतो. त्यासाठी पुटपाक करावा लागतो. ठेचलेल्या पाल्याचा गोळा वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा, वर दोन बोटं जाड मातीचा लेप द्यायचा आणि शेणीच्या विस्तवात माती लाल होईपर्यंत ठेवायचा. मग फोडून गरम असतानाच पिळायचा. मध घालायचा तो रस निवल्यावर. ज्याने गुळवेलीवर इतकी मेहनत घेतली त्याने इथे अंग का चोरलं? कृतीची पानं गाळणाऱ्यांपैकी कुणाला हे खटकणार होतं?

आणि बैठकीत ज्या वर्णनाला "सर्वांत सुंदर" म्हणून टाळ्या पडल्या, ते वैशाखातल्या लालभडक गुलमोहराचं! गुलमोहर मादागास्करचा. जगाला त्याची ओळख झाली तीच १९ व्या शतकात. थोरल्या माधवरावांच्या काळात तो गोदेकाठी फुलतो कसा? पेरू, सीताफळ, मिरची चालतील, ती पोर्तुगीजांच्या काळातच आली होती. गुलमोहर चालणार नाही, टाळ्या कितीही पडोत.

दुसरी आवृत्ती निघणार असेल तर लेखकाने तिथे बहावा लावावा. तोही वैशाखातच फुलतो, पिवळाधमक, आणि वैद्याच्या बागेत तो शोभेसाठी नसतोच. पिकलेल्या शेंगा सात दिवस वाळूत पुरून ठेवायच्या, मग उन्हात वाळवायच्या आणि आतला काळा मगज काढून स्वच्छ भांड्यात भरायचा. सौम्य रेचक आहे, लहान मुलांना आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांनाही देत आलेत. वाड्यावरच्या त्या पोराचा ताप उतरल्यावर बाईला पुढे हेच लागणार आहे.