हॉलमधली निवडणूक

आमचा जुना टीव्ही काही एका झटक्यात गेला नाही. आधी उजव्या बाजूला एक हिरवी उभी रेघ आली, मग तिला सोबत म्हणून दुसरी, आणि गणपती येईपर्यंत बातम्या देणारी बाई गजाआडून बातम्या देतेय असं दिसायला लागलं. रिपेअरवाला आला, लांबूनच बघितलं, "पॅनेल गेलंय, त्या पैशात नवीन येईल" एवढं बोलला आणि व्हिजिटचे पाचशे घेऊन गेला. म्हणजे शब्दाला साधारण ऐंशी रुपये पडले.

आता नवीन टीव्ही घेणं हे खरं तर सोप्पं काम आहे, दुकानात जायचं, बघायचं, परवडेल तो घ्यायचा. पण मी एक घोडचूक केली. फॅमिली ग्रुपवर पोल टाकला.

चार पर्याय दिले. कोरियन, जपानी, चिनी आणि गंमत म्हणून चौथा, 'दिवाळीनंतर बघू'. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये एकापेक्षा जास्त पर्यायांवर टिक करायची सोय आधीपासून चालूच असते, ती आपण आठवणीने बंद करायची असते, हे मला नाशिकच्या काकूंनी चारही पर्यायांवर टिक केल्यावर कळलं. विचारलं तर म्हणाल्या, "अरे कुणाला वाईट नको वाटायला." साताऱ्याच्या मामांनी जपानीला मत दिलं कारण त्यांच्या ऑफिसातलं जपानी कॅल्क्युलेटर १९८७ पासून चालतंय. भाच्याने चिनीला दिलं कारण त्याच्या हॉस्टेलवर तोच आहे. आणि बायकोने घरातल्या घरात, माझ्या शेजारी सोफ्यावर बसून, एक शब्द न बोलता 'दिवाळीनंतर बघू'ला मत दिलं, आणि मग पटापट सगळ्या बायकांची मतं तिकडेच वळली. प्रचंड बहुमताने तो पर्याय निवडून आला. टीव्ही न घेणं हाच आमच्या खानदानाच्या मते बाजारातला सर्वोत्तम टीव्ही.

मग मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. (माणूस एका चुकीतून शिकतो हे खोटं आहे.) तिथे दहा मिनिटांत चौदा उत्तरं आली आणि नीट बघितलं तर प्रत्येकाने आपल्या घरी जो आहे तोच सुचवला होता. एकही अपवाद नाही. दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलेला माणूस अख्ख्या तीन विंगमध्ये नाही, पण मत ठाम. हे म्हणजे आपापल्या आईच्या पुरणपोळीला पहिला नंबर देण्यासारखं झालं, त्यात प्रेम आहे, पण स्पर्धा कुठाय? आणि साठ हजार मोजून आणलेली वस्तू 'ठीक आहे' असं चारचौघांत म्हणायला जी हिंमत लागते ती निदान आमच्या कोथरूडात तरी कुणाकडे नाही.

ऑनलाइन रिव्ह्यूचं तर विचारूच नका. एकाने पाच स्टार दिलेत, आजच आला, अजून उघडला नाही, पॅकिंग छान आहे. त्याच्या खालच्याने त्याच टीव्हीला एक स्टार, कारण भिंतीवर लावायला येणारा माणूस दोन दिवस आला नाही. म्हणजे पहिल्याने खोक्याला मत दिलं, दुसऱ्याने माणसाला, टीव्हीला मत द्यायचं राहूनच गेलं. आणि या सगळ्याची सरासरी काढून चार पूर्णांक दोन. आमच्या काकू तर दुकानात टीव्हीवर चिकटवलेला सरकारी स्टिकर बघून म्हणाल्या, "याला चार स्टार आहेत की, घेऊन टाक!" मी म्हटलं काकू, ते विजेचे स्टार आहेत, वीज किती कमी खातो त्याचे. काकू म्हणाल्या मग चांगलंच आहे ना. आता यावर काय बोलणार.

हो, काकू दुकानात होत्या. दिवाळीनंतर बघू म्हणून सगळे थांबले आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी ऑफर बघून सगळेच निघाले, मी, बायको, लेक, नाशिकहून आलेल्या काकू आणि माझा मेव्हणा. मेव्हण्याबद्दल थोडं सांगावं लागेल. हा माणूस कुठल्याही लग्नात, मुंजीत, अगदी सत्यनारायणालाही, दोन घास पोटात गेले की बेटामॅक्सवर, म्हणजे व्हिडिओ कॅसेटच्या एका जुन्या जातीवर येतो. जिजाजी, १९७५ साली बेटामॅक्स आलं, वर्षभराने व्हीएचएस, चित्र बेटामॅक्सचं बरं होतं, पण सुरुवातीला त्याच्या कॅसेटवर तासभरच मावायचं आणि व्हीएचएसवर दोन तास, लोकांनी व्हीएचएसला मत दिलं, लोकांना काही कळत नाही. मला यात लोकांचं काय चुकलं ते कधीच कळलं नाही. अर्धा पिक्चर चांगला दिसण्यापेक्षा पूर्ण पिक्चर बरा दिसणं कधीही परवडलं. पण जिलबी खाताना वाद कोण घालणार.

तर दुकान. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तोच एक पोपट, मग तोच मध, मग तीच पाण्यात पडणारी स्ट्रॉबेरी. वर ट्यूबलाइट अशा की ऑपरेशन करता येईल. एका टीव्हीच्या डोक्यावर पुठ्ठ्याची पाटी, 'ग्राहकांची पसंती नं. १'. आणि काय सांगू, आमच्या पाचही जणांचं बोट बरोब्बर त्याच टीव्हीकडे गेलं. एकमत! आमच्या घरात एकमत याआधी फक्त कारल्याच्या भाजीच्या विरोधात झालं होतं.

इथे मेव्हण्याने पहिल्यांदा कामाचं काहीतरी सांगितलं, म्हणजे बेटामॅक्स सोडून. म्हणाला, जिजाजी, दुकानात सगळे टीव्ही एका खास मोडवर असतात, ब्राइटनेस फुल, रंग फुल, कारण वरच्या लाइटांशी मारामारी असते, आणि तिथे जो जास्त चकाकतो तोच निवडून येतो. मग प्लाझ्माची, म्हणजे एलसीडीशी टक्कर देणाऱ्या टीव्हीच्या जुन्या जातीची दर्दभरी कहाणी. जपानी पायोनियरने 'कुरो' नावाचा प्लाझ्मा काढला होता, कुरो म्हणजे काळा, आणि त्याच्यासारखा काळा रंग तेव्हा दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. पण काळा काळाकुट्ट दिसायला खोलीत अंधार लागतो आणि दुकानात अंधार कोण करणार? त्या लखलखाटात प्लाझ्मा मंद, मरगळलेला दिसायचा आणि शेजारचा एलसीडी झगझगीत. त्यात एलसीडी पातळ, हलका, वीजही कमी खाणारा, लोकांनी भराभर एलसीडी उचलले. २००९ साली पायोनियरने टीव्हीच बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि २०१३ संपता संपता पॅनासॉनिकनेही प्लाझ्मा बनवणं थांबवलं. गंमत म्हणजे त्याच वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या एका दुकानात तज्ज्ञ आणि ग्राहक जमवून टीव्हींचं मतदान व्हायचं, आधी सगळे टीव्ही नीट ट्यून करायचे, शेजारी शेजारी मांडायचे, दिवे कमी करायचे आणि मग मतं घ्यायची, आणि तिथे प्लाझ्माच निवडून यायचा.

हे मात्र माझ्या डोक्यात बसलं. मतदार तोच, डोळे तेच, फक्त मतदान केंद्राचे दिवे घालवले की निकाल बदलतो. मी हे बोलून दाखवेपर्यंत बायकोने कार्ड स्वाइप केलं होतं.

टीव्ही घरी आला, पंचावन्न इंची. आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी एक पिवळा दिवा असतो, त्या उजेडात तो दुकानातला मोड लावला आणि आई ओरडली, "अरे डोळे गेले माझे!" बातम्यांतली बाई गजाआडून सुटली होती पण टोमॅटोसारखी लाल झाली होती. मग लेकीने सेटिंगमध्ये जाऊन फिल्ममेकर मोड शोधला. या मोडमध्ये पिक्चर ज्याने बनवला त्याने स्टुडिओत जसा बघितला साधारण तसा दिसतो, पांढरा रंग ६५०० केल्विनचा, म्हणजे आपल्याला सवय असलेल्या निळसर पांढऱ्यापेक्षा जरा पिवळट. आईने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "हिला कावीळ झालीय का रे?" पुन्हा मतदान. कावीळ विरुद्ध टोमॅटो. टोमॅटो तीन, कावीळ एक, आणि मी तटस्थ कारण मला रात्री जेवायचं होतं.

तीच गत त्या मोशनवाल्या सेटिंगची. सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो आणि मग कोट्यवधींचा पिक्चर संध्याकाळी सातच्या सिरीयलसारखा दिसायला लागतो. २०१८ साली खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनंती केली होती की बाबांनो ते सेटिंग बंद करा. आईला मात्र ते प्रचंड आवडलं, "आत्ता कसं समोर घडल्यासारखं वाटतंय." टॉम क्रूझचं एक मत आणि आईचं एक मत, आणि टॉम क्रूझ आमच्याकडे राहत नाही.

आता आवाज. टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकरला जागाच नाही, ते खाली नाहीतर मागे तोंड करून बसवतात, म्हणजे बातम्या आधी भिंत ऐकते आणि मग आपण. आईला काही ऐकू येईना. बायको म्हणाली साउंडबार घेऊ, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा तो लांबट स्पीकर. मी म्हटलं घरात ॲम्प्लिफायर असताना? माझ्याकडे ऐन कॉलेजच्या दिवसांत तापकीर गल्लीतून आणलेला ॲम्प आहे आणि त्याचे दोन उभे स्पीकर, ज्यांना बायको 'ती दोन कपाटं' म्हणते आणि ज्यांच्यावर सध्या मनीप्लांट आहे. त्या काळी आम्ही पण आकड्यालाच मत द्यायचो म्हणा. खोक्यावर '१००० वॅट पीएमपीओ' लिहिलेला डबा मित्राने आणला की अख्खी गल्ली बघायला जायची, आणि तापकीर गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या दुकानदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरा पीएमपीओ म्हणजे क्षणभर मारलेली उडी, रोज किती चालतो ते विचार, आरएमएस विचार. त्या हजार वॅटचे आरएमएस जेमतेम पंधरा-वीस निघायचे. तेव्हापासून मी स्वतःला जाणकार समजतो, आणि पुढचं जे घडलं ते त्यामुळेच.

मेव्हण्याने साउंडबार ट्रायलला आणून दिला आणि म्हणाला, रीतसर पडद्याआड टेस्ट करू. १९९४ साली स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह नावाच्या संशोधकाने तेच केलं होतं, आधी स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून मार्क घेतले, मग पडदा लावून. डोळ्यांसमोर असताना मोठ्या महागड्या स्पीकरना भरभरून मार्क, आणि पडदा लागला की ती आघाडी बरीच वितळली, आणि हे मार्क देणारे कंपनीचेच लोक. मी म्हटलं लाव पडदा, माझी कपाटं अंधारातही ओळखेन.

पडदा म्हणून मी सोलापुरी चादर काढली. मेव्हणा म्हणाला सोलापुरीतून ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, मरतो. मग आईचं जुनं सुती पातळ दोरीवर टाकलं, आणि दोरी बांधली एका बाजूला खिडकीच्या गजाला आणि दुसऱ्या बाजूला फ्रिजला. लेक पातळामागे, ऑपरेटर. आम्ही चौघं सोफ्यावर कागद-पेन घेऊन. लेक ओरडणार 'ए', मग तेच गाणं 'बी'. तीन वेळा ऐकलं. मग मतमोजणी.

मी, बायको आणि मेव्हणा, तिघांचंही मत बी. मी तर उभा राहून बोललो, की बघा, याला म्हणतात अंग असलेला आवाज, तबल्याचा डग्गा कसा पोटात लागतो, हा माझा ॲम्प आहे, असली मजा डबड्यातून यायची नाही. मेव्हण्यानेही मान हलवली आणि 'मिडरेंजमध्ये उबदारपणा' असं काहीतरी म्हणाला. आईच्या कागदावर फक्त एवढंच होतं, 'दोन्ही सारखे'. आम्ही हसलो. मेव्हणा आईला समजावून सांगायला लागला की मावशी, कान तयार व्हावा लागतो.

तेवढ्यात लेक पातळ बाजूला करून बाहेर आली. म्हणाली, "बाबा, तुमचा ॲम्प चालूच झाला नाही. दोन्ही वेळा साउंडबारच होता. बीला मी फक्त आवाज दोनने वाढवला होता."

मेव्हणा पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ आला नाही. मी दोरी सोडायला लागलो. थोडा जास्त आवाज कानाला थोडा चांगला आवाज वाटतो, ही जुनीच आणि सगळ्या दुकानदारांना पाठ असलेली गोष्ट आहे, मलाही वाचून माहीत होती, आता अनुभवाने माहीत झाली. सगळ्या घरात एकट्या आईचं उत्तर बरोबर आलं होतं, म्हणून मी जाऊन तिला म्हटलं, आई, तुझे कान मानले बाबा.

आई म्हणाली, "काय म्हणतोस? थांब, मशीन लावते. मघाशी चार्जिंगला लावलंय."

साउंडबार ठेवून घेतला. कपाटांवर दुसरा मनीप्लांट आलाय. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकल्यावर काकूंनी जुन्या पोलमधल्या तीन टिका काढून फक्त कोरियनवरची ठेवली, पाच महिन्यांनी, आणि खाली लिहिलं, 'मी म्हटलंच होतं.'

परवा शेजारचे काका विचारत होते, आमचाही टीव्ही गेलाय, तुमचा कसा आहे, बघायला येऊ का संध्याकाळी. या की म्हटलं, एकदम बेस्ट आहे, डोळे झाकून घ्या. मग सहा वाजता चहा टाकला, रिमोट घेतला, टोमॅटो मोड लावला आणि त्यांची बेल वाजायच्या आत आवाज दोनने वाढवून ठेवला.