नॉर्वेजियन जोडनामात जोर पहिल्या अक्षरावर? तसं नाही

नॉर्वेजियन शिकणाऱ्यांत जोडनामांबद्दल (दोन शब्द जोडून बनलेली नामं) एक नियम फिरतो आहे: 'जोडनामात आघात कायम पहिल्या अक्षरावर, आणि ओळीच्या शेवटी शब्द कुठेही तोडा.' पहिलं विधान अर्धवट, दुसरं चूक.

मुख्य आघात साधारणपणे पहिल्या घटकावर येतो, पण त्या घटकात तो मुळात जिथे असतो तिथेच. 'बार्नेहागे' (बालवाडी) मध्ये तो 'बार'वर पडतो, म्हणून नियम खरा भासतो. 'तेलेफून' घ्या: आघात 'फून'वर. म्हणून 'तेलेफूनकातालोग' (फोन डिरेक्टरी) मध्येही मुख्य जोर 'फून'वरच, दुय्यम 'लोग'वर. पूर्व नॉर्वेतल्या काही बोलींत मात्र परकीय शब्दांचा आघात पहिल्या अक्षरावर सरकतो. गैरसमज बहुधा तिथूनच आला.

तोडताना आधी घटकांचा सांधा पाहा. जोडणारा 'ए' किंवा 'एस' पहिल्या घटकाकडे राहतो: 'बार्ने-हागे', 'बार्न-एहागे' नव्हे. खरी गंमत 'नात्तोग'ची (रात्रीची रेल्वे). 'नात्त'च्या शेवटी दोन 'टी', 'तोग'च्या सुरुवातीला एक. सलग तीन लिहीत नाहीत, म्हणून एक गळतो. ओळ तिथेच तुटली तर गळलेला 'टी' परत लिहायचा: आडव्या रेघेआधी दोन, पुढच्या ओळीत एक.