‘सीडी चालते, मग ड्राइव्ह गेला कसा?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण लिहिण्याआधी एक गोष्ट करून बघायची होती. ती काय, ते खाली येईलच.

तुमची तक्रार थोडक्यात अशी. जुन्या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह आम्ही 350 रुपये घेऊन ‘चालू’ करून दिला, पण घरी वडिलांच्या साठीशांतीची डीव्हीडी लागली नाही, नुसती घरघर. परत आलात तर दुकानातल्या मुलाने ‘ड्राइव्ह गेला’ म्हणून दीड हजाराचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह पुढे केला. दुसरा एक दुकानदार म्हणतो की आतला एक स्क्रू फिरवला की काम होतं. आणि पुढची पट्टी नीट बसत नाही, म्हणजे आम्ही तुमचा ड्राइव्हच बदलला असणार.

शेवटचं आधी घेतो, कारण तेच जास्त झोंबलं. लॅपटॉप जमा करताना तुमच्यासमोर खालचा एक स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर ओढला होता आणि त्याच्या लेबलाचा फोटो घेतला होता. सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे तुमच्या पावतीवर कोपऱ्यात लिहिलेले आहेत. घरी तोच स्क्रू काढून ताडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पट्टीचं मात्र खरं आहे. ट्रे अर्धवट उघडून अडकत होता, तो हाताने ओढताना पट्टीची एक खाच तुटली. इतक्या वर्षांचं प्लास्टिक बोट लागलं तरी कडकन जातं, पण तुटलं हे तुम्हाला त्याच वेळी सांगायला हवं होतं. मुलाने सांगितलं नाही. ती चूक आमची.

आता 350 रुपयांचं. लॅपटॉप आला तेव्हा ड्राइव्ह ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसतच नव्हता आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यापुढे पिवळं चिन्ह होतं. विंडोज 7 वरून 10 वर जाताना जुन्या सीडी बर्निंगच्या सॉफ्टवेअरच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, तशाच राहिल्या होत्या, अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या. त्या काढल्या, मशीन पुन्हा चालू केलं, ड्राइव्ह दिसला. काम दहा मिनिटांचं, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण याच तक्रारीवर तुम्हाला आधी कुणीतरी ‘विंडोज नव्याने टाकावं लागेल’ असं सांगितलं होतं. तसं केलं असतं तर फोटो, फाइली सगळ्याचा बॅकअप घेण्यापासून सुरुवात झाली असती. शिवाय विंडोज 10 मध्ये डीव्हीडी चालवणारा प्लेअर मुळात येत नाही, म्हणून व्हीएलसी टाकून दिला.

मग लेन्स. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये लेन्स आत पेटीत बंद असते. लॅपटॉपच्या चपट्या ड्राइव्हमध्ये ती ट्रेवरच बसवलेली असते, ट्रे उघडला की लेन्सही बाहेर उघड्यावर. तुमचा लॅपटॉप देवघराशेजारी असतो आणि रोज सकाळी त्यावर आरतीची सीडी लागते, हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी त्या मसुराएवढ्या भिंगावरून एकदा फिरवली, तर कापूस पिवळा झाला. उदबत्तीचा धूर, दुसरं काही नाही.

इथपर्यंत ठीक होतं. घोळ पुढे झाला.

मुलाने तपासायला तुमचीच आरतीची सीडी लावली. ती लागली, गाणं वाजलं, आणि त्याने ‘झालं काम’ म्हणून लॅपटॉप तुमच्या हातात दिला. पण सीडी आणि डीव्हीडी एकाच लेझरने वाचल्या जात नाहीत. सीडीला 780 नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला 650 चा. भिंग एकच असलं तरी त्यामागे ही दोन वेगळी लेझर असतात. एक म्हातारं झालं तरी दुसरं ठणठणीत असू शकतं. त्यामुळे ‘सीडी चालते मग ड्राइव्ह गेला कसा’ हा प्रश्न तुम्हाला पडणं साहजिक आहे, मुलाला मात्र पडायला नको होता. तुम्ही डीव्हीडीसाठी आला होतात, म्हणजे तपासणी डीव्हीडीनेच व्हायला हवी होती. तुमची एक फेरी त्यामुळे फुकट गेली.

दुसऱ्या वेळी आलात तेव्हा मी दुकानात नव्हतो. वहीत नोंद आहे की मुलाने सिनेमांच्या चार कंपनी-छापील डीव्हीडी लावून पाहिल्या. तीन लागल्याच नाहीत, चौथी तिसऱ्या प्रयत्नात लागली. म्हणजे डीव्हीडीचं लेझर थकलंय हे त्याचं निदान बरोबर होतं. पण ते तुम्हाला समजावून न सांगता त्याने कपाटातून थेट खोका काढला. माल गळ्यात मारतायत असंच कुणालाही वाटेल.

स्क्रूबद्दल. काही ड्राइव्हमध्ये लेझरचा करंट कमी-जास्त करणारा एक बारीक स्क्रू असतो, हे खरं. तो फिरवला की थकलेलं लेझर जास्त करंट खातं आणि थोडे दिवस छान वाचतं. नंतर कायमचं जातं. असं ‘दुरुस्त’ करून पैसे घेणं सोपं आहे, पण पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा दारात उभ्या. आम्ही तो स्क्रू फिरवत नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. त्या दिवशी रागात तुमची डिस्क आमच्या काउंटरवरच राहिली. तिच्यावर शूटिंगवाल्याने आईवडिलांच्या फोटोचा मोठा गोल स्टिकर चिकटवलाय. दिसतो छान, पण गरम होऊन तो एका बाजूने फुगलाय. डिस्कचा तोल जातो, आणि तुम्ही ऐकलेली घरघर बरीचशी त्याचीच. सोमवारी रात्री ही डिस्क दुकानातल्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये अगदी कमी वेगावर लावून ठेवली. सकाळी पाहिलं तर चारपैकी तीन व्हीओबी फाइली (डीव्हीडीवरचं शूटिंग ज्यांत असतं त्या) स्वच्छ निघाल्या होत्या. चौथीला आणखी दोन रात्री लागल्या. डीव्हीडीवरचं लिखाण आतून बाहेर जातं आणि बाहेरची कड आधी खराब होते. त्यामुळे होम, औक्षण, नातवंडांचे नमस्कार सगळं आलंय. अडकतंय ते शेवटी, जेवणाच्या पंगतीत, साधारण चार मिनिटं. जिलबी वाढायला घेतली की चित्र थांबतं आणि पुढे एकदम विडे दिसतात. ते परत येईल असं मला वाटत नाही.

सगळं एका पेनड्राइव्हवर टाकून ठेवलंय. त्याचे पैसे नाहीत. लॅपटॉपवर लावा नाहीतर टीव्हीच्या मागे, व्हीओबी वाचणारा टीव्ही असेल तर सरळ चालेल. बाहेरचा ड्राइव्ह घेऊ नका, एवढ्या एका डिस्कसाठी त्याची गरज उरलेली नाही. आरतीच्या सीडीला आहे तो ड्राइव्ह पुरे. फक्त देवघरापासून दोन हात लांब ठेवा.

350 पैकी 150 परत करतो, तपासणी अर्धवट केली म्हणून. रजिस्ट्रीचं आणि लेन्सचं काम झालेलं आहे, त्याचे 200 ठेवतो. जुन्या पडलेल्या ड्राइव्हची पट्टी तुमच्या मॉडेलला बसते का ते बघून लावून देईन.

दुकान सोमवारी बंद, बाकी दिवशी साडेदहा ते साडेआठ. येण्याआधी फोन केलात तर मी स्वतः थांबेन. आणि मूळ डिस्क परत नेल्यावर तो स्टिकर ओढून काढू नका. डिस्क वाकते, आणि मग आमच्याकडेही ती लागणार नाही.