“पहिल्याच भेटीत सगळे बोलते करा” या संदेशाला उत्तर

स्त्रियांच्या निवारागृहात नुकत्याच रुजू झालेल्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात एक संदेश पाठवून मला विचारले, “मावशी, आम्ही खरेच असे करायचे का?” हिंसा, व्यसन, मानसिक आजार आणि बेघरपणा एकाच वेळी सोसणाऱ्या स्त्रियांच्या स्वास्थ्याचे मूल्यमापन कसे करावे, याचे चार नियम त्यात आहेत. पहिल्याच भेटीत संपूर्ण हकीकत काढून घ्या, म्हणजे मन मोकळे होते. हकीकत बदलली तर बाई खोटे बोलते आहे असे समजा. प्रश्नावलीचे गुण हाच खरा पुरावा. आणि आघाताचे भान ठेवणे, म्हणजे तिच्या मनावर झालेल्या जखमा लक्षात घेऊन वागणे, हे नुसते गोड बोलणे आहे. हा संदेश इतका फिरला आहे की तो नव्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण म्हणून दिला जातो, याचा मला संताप आहे.

पहिला नियम सर्वांत घातक आहे. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर बसलेल्या स्त्रीला “सुरुवातीपासून सगळे सांगा” असे म्हटले की तो प्रसंग तिच्या शरीरासाठी भूतकाळातला राहत नाही. कोणाची छाती धडधडू लागते, तर कोणी एकदम बधिर होते आणि त्या बधिरपणाची नोंद “शांत, सहकार्य करते” अशी होते. भेट संपते, कागद भरतो, पण पुढची रात्र तिला एकटीने काढायची असते, आणि त्यानंतर ती पुन्हा आलीच नाही तर “प्रतिसाद नाही” हा शेराही तिच्याच नावावर चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जोडीदाराकडून होणारी हिंसा आणि लैंगिक हिंसा यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत लक्ष देऊन ऐका, पण बोलण्यासाठी दबाव आणू नका, असे स्पष्ट म्हटले आहे. बोलल्याने मन हलके होते हे खरे. पण केव्हा, कोणाशी आणि किती बोलायचे हे तिने ठरवलेले असेल तेव्हाच.

पहिल्या दिवशी काहीच न विचारणे हाही हलगर्जीपणा ठरेल, एवढे मात्र मान्य करावे लागते. आज रात्री ती कुठे झोपणार, मुले कोणाजवळ आहेत, जीव देण्याचे विचार येतात का, दारू अचानक बंद केल्याने हातपाय थरथरतात का, कोणी गळा आवळला होता का, हे प्रश्न थांबू शकत नाहीत. गळा आवळला जाणे ही तर पुढे जिवाला असलेल्या धोक्याची गंभीर खूण आहे. पण या प्रश्नांना “हो” किंवा “नाही” एवढे उत्तर पुरते. प्रश्न का विचारला, उत्तर कोण वाचणार आणि तो टाळला तरी चालेल, हे आधी सांगायला हवे.

हकीकत बदलण्याची कारणे अनेक असतात: तुकड्यातुकड्यांनी आठवणारा प्रसंग, झोपेचा अभाव, नशा, डोक्याला बसलेला मार, आणि खरे सांगितले तर मुले हिरावली जातील ही भीती. विसंगती दिसली तर डोक्याला झालेल्या इजेची तपासणी सुचवावी. तिच्यावर खोटेपणाचा शिक्का मारू नये.

गुणांबद्दल थोडक्यात. मानसिक स्वास्थ्य मोजणाऱ्या वॉरिक-एडिंबरा मापक या प्रश्नावलीत १४ विधाने असतात, मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारले जाते आणि गुण १४ ते ७० च्या दरम्यान येतात. इतरांशी जवळीक वाटते का, हे त्यातलेच एक विधान आहे. जिला माणसांपासून दूर राहूनच सुरक्षित वाटते, तिचे कमी गुण ही तिची अधोगती नव्हे. नशा सुटल्यावर दडपलेले दुःख जाणवू लागते, तेव्हाही गुण घसरू शकतात. हे आकडे तिच्यासोबत बसून वाचावेत.

चौथ्या नियमात अर्धे सत्य आहे, कारण काही ठिकाणी खरोखरच केवळ भाषा बदलली आणि कामाची पद्धत तशीच राहिली. पण दाराजवळची खुर्ची तिला देणे, तीच हकीकत चार जणांना सांगायला न लावणे, तिच्याविषयी लिहिलेले तिला वाचून दाखवणे, यांतले काहीच गोड बोलण्याने साधत नाही.

भाचीला मी कळवले आहे की फॉर्मवरचा हकीकतीचा रकाना पहिल्या दिवशी रिकामा ठेवण्याची परवानगी वरिष्ठांकडे माग, आणि ती नाकारली गेली तर त्या मार्गदर्शक तत्त्वांची प्रत त्यांच्यापुढे ठेव.